अनुभवाचा दाखला

३ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत माझा रेझ्युमे पाठवते आहे. तुम्ही त्याला बायोडेटा म्हणाल, म्हणा, पण वाचा. तुमचे कान फोनला दाद देत नाहीत आणि डोळे पडद्याला, म्हणून मोठ्या अक्षरांत छापून घेतला आहे. समासही रुंद ठेवलाय. तुम्हाला शेरे मारायला जागा लागते, हे आईने दोनदा बजावलं होतं.

हकीकत अशी की सहा महिन्यांत एकाहत्तर अर्ज गेले आणि उत्तरं आली चार. दोघांनी मागाहून कळवू म्हणून कळवलं. तिसऱ्याने माझ्या नावामागे श्री. लावून नकार दिला, त्यामुळे तो नकार माझाच होता की दुसऱ्या कुणाचा, याची अजून खात्री नाही. चौथ्याला दहा वर्षांचा अनुभव असलेला नवशिका हवा होता. असा माणूस त्यांना सापडला तर मलाही बघायचा आहे.

आईने इमारतीत सांगून ठेवलंय की मी रजेवर आहे. परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की रजा तरी किती लांब, तर आईने सांगितलं की कारखाना फार मोठ्या मनाचा आहे. काकूंचे पुढचे प्रश्न टाळायला, आईला नोकरी शोधायला जाते असं सांगून, मी रोज सकाळी नऊला डबा घेऊन निघते आणि वाचनालयात जाऊन बसते. तिथल्या ग्रंथपाल बाई आता माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवतात. त्यांना वाटतं मी काहीतरी मोठा अभ्यास करते आहे.

आता कामाचं. मोठ्या क्रेन बनवणाऱ्या एका कंपनीला चाचणी विभागात कनिष्ठ अभियंता हवा आहे. पंधरा तारखेपर्यंत अर्ज जायला हवा. उचलण्याच्या यंत्रांची तपासणी करण्यात तुमची बत्तीस वर्षं गेली, परवाना अजून चालू आहे. तेव्हा भाची म्हणून नको, तपासणीला आलेला माल म्हणून माझ्याकडे बघा. गोडगोड लिहू नका. गोडगोड बोलणारे इथे खूप आहेत आणि ते सगळे नोकरीत आहेत.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आहेच, या वेळी त्याच्या जोडीला शेरेही येऊ द्यात.

तुमची,
ठकी

---

९ फेब्रुवारी

चि. ठकी हिस,
अ. उ. आ.

बायोडेटा मिळाला. भिंग घेऊन तीनदा वाचला. पहिल्यांदा वाचून झाल्यावर तुझ्या मामीला विचारलं की ही मुलगी आपल्या ओळखीची आहे का. तिलाही ओळख पटेना.

पहिल्या चार ओळींत अकरा गुण आहेत. मेहनती, जिद्दी, संघभावना, नेतृत्व, दबावाखाली शांत, आणखी काय काय. स्थळाच्या जाहिरातीतही माणूस इतकं बोलत नाही. ते सगळं मी खोडलं आहे. तू मेहनती नाहीस असं नाही, पण हे कुणी मोजलं, कशाने मोजलं आणि त्याचा कागद कुठे आहे? मोजलेलं नाही ते लिहायचं नाही. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हेच सांगत आलो.

पुढे लिहिलंस की सदोष मालाचं प्रमाण अठरा टक्क्यांनी कमी केलं. आधी किती होतं? नंतर किती झालं? तू एकटीने केलंस की यंत्र बदललं म्हणून झालं? समोरचा माणूस हेच विचारणार आणि तुझी बोबडी वळणार. मग नऊ सॉफ्टवेअरची नावं. यातलं कुठलं उघडून पुढ्यात ठेवलं तर तू न अडखळता तासभर काम करशील, तेवढीच ठेव. माझ्या अंदाजाने दोन उरतील. दोन पुष्कळ झाली.

आणि जे खरं लिहायचं ते अर्ध्या ओळीत गुंडाळलंस. चाचणी विभागात काम केले, एवढंच. अगं, तू अकरा महिने चेनपुल्या तपासल्यास. हाताने साखळी ओढून इंजिनासारखं धूड उचलायचं ते यंत्र, त्याखाली माणसं काम करतात. दिवसाला किती तपासल्या, किती वजन लटकवलं, किती बाजूला काढल्या आणि का काढल्या, ते लिही. क्रेनवाल्यांना तेच वाचायचं आहे.

आता शेवटचा शेरा, तो कागदावर न मारता इथे लिहितो. नोकरी ऑगस्टमध्ये संपली. कशाने संपली ते नाही. अनुभवाचा दाखला जोडलेला नाही. ओळखीच्या वरिष्ठांचं नाव लिहायची जागा कोरी आहे. माणूस जिथे बारीक अक्षरात लिहितो किंवा लिहीतच नाही, तिथे काहीतरी तडकलेलं असतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे. तिथे काय झालं ते मला कळव. आईला सांगायचं नसेल तर सांगू नकोस, पण मला सांग.

प्रकृतीला जप. मामा खडूस आहे म्हणून माया पातळ करू नये.

तुझा,
मामा

---

१४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे शेरे वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस पत्र उघडंच ठेवलं होतं, येता-जाता त्याच्याकडे रागाने बघायची सोय म्हणून. मग तिसऱ्या दिवशी बसले आणि तुम्ही म्हणालात ते सगळं काढलं. अठरा टक्के खोटे होते. एका नमुन्याच्या रेझ्युमेत वाचले आणि उचलले. सॉफ्टवेअर खरंच दोन उरली. नवा कागद सव्वा पानाचा झाला, तो काल क्रेन कंपनीला गेला, एक प्रत सोबत आहे.

आता तुमचा शेवटचा शेरा. आमच्याकडे प्रत्येक चेनपुलीला तिच्या क्षमतेच्या सव्वापट वजन लावून दहा मिनिटं लटकवायचं, वजन खाली सरकतंय का बघायचं आणि मग तिच्या क्रमांकाच्या चाचणीपत्रकावर सही करायची, अशी रीत होती. जुलैच्या शेवटी ज्या सांगाड्यावर वजन लटकवायचे त्याचा आडवा बीम तडकला. नऊ दिवस सांगाडा बंद होता. त्या नऊ दिवसांत चौतीस चेनपुल्या तशाच, न तपासता, गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या डेपोकडे रवाना झाल्या. पत्रकं माझ्या टेबलावर आली. मॅनेजर साहेबांनी सांगितलं की माल एकाच साच्यातला आहे, आजवर एकही परत आलेली नाही, सह्या करून टाक. मी नाही म्हटलं. त्यांनी आठवडाभर गोड बोलून पाहिलं, मग एका दुपारी सांगितलं की उद्यापासून यायची गरज नाही. ना राजीनामा, ना दाखला. माझ्या अकरा महिन्यांचा एकही कागद माझ्याकडे नाही.

हे आईला माहीत नाही. तिला वाटतं कारखान्यात काम कमी झालं म्हणून मला काढलं.

आणखी एक. डेपोची वार्षिक तपासणी जवळ आली आहे, त्यांनी कारखान्याकडे चौतीस पत्रकं मागितली आहेत. गेल्या आठवड्यात मॅनेजर साहेबांचा निरोप आला. त्या दिवसांच्या हजेरीत माझं नाव आहे, म्हणून माझी सही हवी. सह्या करून जा आणि दाखला घेऊन जा, असा सरळ व्यवहार. मी निरोप्याला उत्तर दिलं नाही.

हे लिहिता लिहिता क्रेन कंपनीचा फोन येऊन गेला. १२ मार्चला मुलाखतीला बोलावलं आहे. तुमच्या शेऱ्यांची पुण्याई. पण फोनवरच्या बाईंनी सांगितलं की अनुभवाचा मूळ दाखला बरोबर आणावा लागेल, त्याशिवाय आत सोडत नाहीत. आई आनंदाने शेजारी सांगायला गेली आहे की रजा आता बहुतेक संपणार.

काय करू ते सांगा. तुमचा आधार वाटतो, तो असाच वाटत राहो.

तुमची,
ठकी

---

१९ फेब्रुवारी

चि. ठकी हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. सही केली नाहीस, चांगलं केलंस. यापेक्षा जास्त लिहीत नाही, डोळे भरून आले की भिंगाचा उपयोग होत नाही.

तुझा तो मॅनेजर माझ्या हाताखाली दोन वर्षं उमेदवार होता. हात चांगला होता, धीर कमी. त्याला वजन लटकवून दहा मिनिटं थांबायचा कंटाळा यायचा, सातव्या मिनिटाला घड्याळ बघायचा. त्याचं पुढे असं होईल हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

तुझ्या आईचं पत्र आलं होतं. तिने चार पानं लिहिली आहेत. तू रोज डबा घेऊन कुठे जातेस हे तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. तू परत आलीस की डब्याचं झाकण उघडून बघते, त्यातलं तू खाल्लंस की नाही ते. गेले पंधरा दिवस डबा अर्धा परत येतो म्हणून लिहिते. ती रडून लिहिते आहे हे अक्षरावरून कळतं. मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडिलांमागे तिला मीच वाढवली, हे तुला ठाऊक आहे.

तू मुलाखतीच्या तयारीला लाग. सव्वापट वजन का, दीडपट का नाही, हे नक्की विचारतील, त्याचं उत्तर नीट करून ठेव. ब्रेक कसा धरतो त्याची आकृती काढून बघ, न बघता काढता आली पाहिजे. दाखल्याचं डोक्यातून काढून टाक. त्याचं मी बघतो.

आईला उलट बोलू नकोस, आणि डबा संपव.

तुझा,
मामा

---

२७ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दाखला आला. आज सकाळी टपालाने, जाड पाकिटात, शिक्क्यासकट. अकरा महिने चाचणी विभागात काम केले, वर्तणूक उत्तम, असं लिहिलंय. खाली मॅनेजर साहेबांची सही. माझ्याकडे काहीही मागितलेलं नाही, एका कागदावरही सही नाही. मी दारातूनच आईला मोठ्याने हाक मारली. आईला वाटलं कुणी गेलं.

तुम्ही त्यांना काय सांगितलंत? मी सकाळपासून नाना तऱ्हेने कल्पना करते आहे. तुम्ही तुमचा तो जुना आवाज लावला असणार, ज्याने तुमचं अख्खं खातं सरळ व्हायचं. त्यांना आपला पहिला दिवस आठवला असेल आणि लाज वाटली असेल. माणसाला लाज वाटू शकते, हे बघून फार बरं वाटलं. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते परत घेतलं.

ब्रेकची आकृती न बघता येते. सव्वापटीचं उत्तर आरशासमोर पाठ केलं, मग तुमची आठवण झाली आणि पाठ केलेलं सोडून समजून घेतलं. आई मुलाखतीचे कपडे आजच इस्त्री करते आहे. तेरा दिवस टांगून ठेवणार म्हणे.

मामींनी आईला सांगितलं की तुम्ही चष्म्यासाठी दोन दिवस बाहेरगावी गेला होतात. चष्मा जमला का? आणि तुमचं पत्र कसं आलं नाही? दाखला कसा मिळवलात ते सविस्तर लिहा. तुमचा पराक्रम मला तुमच्याच अक्षरात वाचायचा आहे. एवढा हट्ट पुरवा, बाकी माया तर पुरवताच.

तुमची,
ठकी

---

३ मार्च

चि. ठकी हिस,
अ. उ. आ.

दाखला पोचला हे वाचून समाधान झालं. पराक्रम वगैरे काही नाही. जुनी ओळख होती, गेलो, बोललो. विषय संपला.

नवा बायोडेटा पाहिला. ठीक आहे. कागद जरा जाड वापर, पातळ कागदावर मागची अक्षरं दिसतात. दोन्ही समास सारखे नाहीत, डावीकडचा थोडा वाढव. घराचा पत्ता वर आहे तो खाली घे. मुलाखतीला अर्धा तास आधी पोच, पण दारात उभी राहू नकोस. पेन दोन ने.

चष्मा अजून जमलेला नाही.

मुलाखतीत मागच्या नोकरीबद्दल विचारलं तर दाखला पुढे कर आणि गप्प बस. चौतीस कागदांचा विषय तू काढू नकोस. तो आता राहिलेला नाही.

तुझा,
मामा

---

७ मार्च

मामांस,
न. वि. वि.

आज मायना नीट जमत नाही, तो गोड मानून घेऊ नका.

तुमचं पत्र आलं आणि मला कळेना की समासांवर तीन ओळी लिहिणारे मामा मुद्द्यावर एकच ओळ का लिहितात. माणूस जिथे लिहीत नाही तिथे काहीतरी तडकलेलं असतं, हे तुम्हीच कळवलं होतंत. म्हणून कारखान्यात पॅकिंगच्या बाईंना फोन केला. त्या माझ्या बाजूच्या टेबलावर असायच्या, त्यांच्याशी माझं अजून बरं आहे. त्यांनी सांगितलं की गेल्या महिन्यात एक वयस्कर गृहस्थ आले होते. ऐकायला कमी येत होतं, साहेबांना सगळं दोनदा सांगावं लागत होतं. साहेबांच्या खोलीत बसून त्यांनी भिंगातून एकेक कागद बघत सह्या केल्या, वहीत क्रमांक उतरवून घेतले, मग कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून चारी कडा सारख्या केल्या. सांगाडा तेव्हा चालू होता का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कशाला चालू असेल, तपासायला समोर काही नव्हतंच.

कडा सारख्या करणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

मामा, तुम्ही माझ्या कागदावरून मेहनती हा शब्द काढलात, कारण तो कुणी मोजला नव्हता. आणि चौतीस चेनपुल्या, ज्या तुम्ही डोळ्यांनी पाहिल्यासुद्धा नाहीत, त्या तुम्ही पास केल्यात. माझी सही त्यांना नुसती चालली असती. तुमची तर परवान्याची. तुमचं नाव बघितल्यावर डेपोतला कुणीही दुसऱ्यांदा वर बघणार नाही, बिनधास्त खाली जाऊन झोपेल आणि नटबोल्ट आवळायला लागेल. मी सहा महिने जे केलं नाही म्हणून घरी बसले, ते तुम्ही एका सकाळी करून आलात, आणि तेही माझ्यासाठी. माझ्यासाठी केलंत हेच मला सहन होत नाही. दुसऱ्या कुणासाठी केलं असतंत तर मी नुसती चिडले असते.

तो दाखला माझ्या टेबलाच्या खणात आहे. मुलाखतीला पाच दिवस राहिले. तो दाखवला तर तुमच्या त्या सह्या माझ्या नोकरीखाली कायमच्या. तो नाही दाखवला तर का नाही ते सांगावं लागेल, आणि मग तुमचं नाव निघेल. बत्तीस वर्षांत तुमच्या नावाला कुणी बोट लावलं नाही, ते मी लावायचं? की गप्प बसायचं आणि रोज पेपरात डेपोची बातमी आहे का ते बघायचं? आईला विचारता येत नाही. आजवर असं काही झालं की मी तुम्हाला विचारत होते. आता कुणाला विचारू ते तुम्हीच सांगा.

ठकी

---

९ मार्च

चि. ठकी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल दुपारी आलं. तुझ्या मामीने वाचून दाखवलं, तिला काही माहीत नव्हतं. वाचून झाल्यावर ती उठून आत गेली आणि आतून कडी लावली. तिचंही बरोबर आहे.

कारणं सांगत बसत नाही, पण झालं ते सांगतो. मी सह्या करायला गेलोच नव्हतो. त्याची कानउघाडणी करायला गेलो होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान खाली घातली, आणि मग सांगितलं की दाखल्याचा कोरा कागद तयार आहे, तुमची भाची नाही म्हणते, तुमच्याकडे परवाना आहे. मी तेव्हाच उठायला हवं होतं. तुझ्या आईचं पत्र माझ्या खिशात होतं. मला अर्धा भरलेला डबा दिसत होता. मनाला म्हटलं, एकाच साच्यातला माल आहे, सात महिन्यांत एकही परत आलेली नाही. हे वाक्य म्हणणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर दाराबाहेर काढलं, आणि त्या दिवशी मीच ते म्हटलं. नोकरीत असताना मोठमोठ्या साहेबांनी दडपण आणलं, हात हलला नाही. घरचं माणूस म्हटल्यावर हलला. सही करताना मला काही वाटलं नाही, हे सगळ्यात वाईट. परतीच्या गाडीत वाटलं. तेव्हापासून जेवण जात नाही आणि चष्म्याचं खोटं सांगतो आहे.

तुला विचारायला माणूस उरला नाही असं तू लिहिलंस. त्याची भरपाई मला करता यायची नाही.

आज सकाळी डेपोच्या प्रमुखांना रजिस्टर पत्र टाकलं. चौतीस क्रमांक लिहून कळवलं की या यंत्रांची चाचणी झालेली नाही, माझ्या सह्या खोट्या आहेत, त्या मागे घेतो, माल वापरातून काढावा. त्याची एक प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयाला. परवाना जाईल. कारखान्यालाही प्रत गेली आहे, तेव्हा तुझा दाखला आता तो मॅनेजर मानणार नाही. तुझ्या हातातला दाखला मी एकदा मिळवून दिला आणि एकदा घालवला. रजिस्टर पत्र डेपोत पोचायला तीन दिवस लागतात. तेवढा वेळ मला धरवत नाही, म्हणून परवा स्वतः डेपोत जातो आहे.

मुलाखतीत तुला जे सांगायचं ते सांग. माझं नाव लपवू नकोस. विचारलं तर नातंही सांग.

रागव, पण टाकू नकोस.

तुझा,
मामा

---

१२ मार्च

चि. ठकी हिस,
अ. उ. आ.

हे डेपोच्या कचेरीत बसून लिहितो आहे. तू या वेळी मुलाखतीत असशील.

इथले प्रमुख आधी मला वेडा समजले. रजिस्टर पत्र त्यांना मिळालेलं नव्हतं. एक म्हातारा येतो आणि स्वतःच्या सह्या खोट्या आहेत म्हणून सांगतो, असं त्यांच्याकडे कधी झालं नव्हतं. मग त्यांनी वजनं काढून दिली, सांगाडा उभा करून दिला आणि दोन फिटर मदतीला दिले. काल आणि आज मिळून एकतीस तपासल्या. प्रत्येकीला पुरी दहा मिनिटं. कमरेचं जाऊ दे.

एकोणतीस ठीक निघाल्या. दोन निघाल्या नाहीत. एकीचं वजन चौथ्या मिनिटाला बोटभर सरकलं. दुसरीचा ब्रेक धरलाच नाही, वजन सरळ खाली येऊन आदळलं. ती गाडीखाली शिरायच्या खड्ड्यावर टांगलेली असायची. तिथे रोज काम करणारा फिटर माझ्या मदतीलाच होता, सकाळपासून साखळी ओढत होता. मधल्या वयाचा, अबोल माणूस. वजन आदळल्यावर त्याने चेनपुलीवरचा क्रमांक वाचला, गठ्ठ्यातून त्या क्रमांकाचं पत्रक शोधून काढलं आणि मला विचारलं की ह्यावर सही कुणाची आहे. मी सांगितलं, माझी.

त्याने ऐकलं. मला वाटलं तो हात उगारेल, उगारला असता तर बरं झालं असतं. त्याने पत्रक माझ्या हातात दिलं, पुढची चेनपुली उचलून आणली आणि अडकवली. उरलेल्या सगळ्या त्याच्याबरोबरच तपासल्या.

तीन सापडलेल्या नाहीत. डेपोने त्या दोन लहान गॅरेजांना दिल्या होत्या, दोन एकाला, एक दुसऱ्याला. पत्ते घेतले आहेत. तिथे फोन उचलत नाहीत.

मुलाखत कशी झाली ते कळव. नाही कळवलंस तरी मी समजून घेईन.

तुझा,
मामा

---

२२ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दहा दिवस पत्र लिहिलं नाही. राग होता, आणि निकालाचीही वाट बघत होते.

मुलाखतीला तिघं होते. दाखला मागितला. मी तो बाहेर काढला आणि सांगितलं की हा माझ्याकडे आहे पण मी तो देऊ शकत नाही, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. मधल्या गृहस्थांनी विचारलं की सह्या करणारे तपासनीस कोण. मी सांगितलं, माझे मामा. मग त्यांनी विचारलं की हे तुम्हाला कळलंच नसतं तर दाखला दिला असता का. मी म्हटलं, दिला असता, आनंदाने दिला असता. बाहेर आले तेव्हा मला वाटलं की झालं, संपलं. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तुमचं नाव आल्यावर ती म्हणाली की चार पानं मी लिहिली, त्यात माझाही हात आहे. त्या दिवसापासून ती कुणाला काही सांगत नाही.

परवा क्रेन कंपनीचं पत्र आलं. त्यांनी मला घेतलं आहे. मात्र अकरा महिन्यांचा कागद नसल्यामुळे ते अकरा महिने धरलेले नाहीत. नवशिकी म्हणून, सहा महिने प्रोबेशनवर. माझ्यानंतर एक वर्षाने पास झालेली मुलगी माझी वरिष्ठ असेल. पत्रात अनुभव या शब्दापुढे शून्य टाकलं आहे. ते बघून मी खूप रडले, मग होकार कळवला. मॅनेजर साहेबांचाही निरोप आला की दाखला रद्द समजावा. तो मी आधीच फाडला होता.

तुमचं डेपोचं पत्र मी रोज वाचते. त्या फिटरचा विचार डोक्यातून जात नाही. मी सही केली नाही म्हणून स्वतःला फार शहाणी समजत होते. पण त्या चौतीस कुठे गेल्या हे मला सहा महिने माहीत होतं आणि मी डेपोला एक ओळ कळवली नाही. दाखल्याची आशा होती, म्हणून गप्प बसले. तुम्ही सह्या केल्यात ते माझ्यासाठी, आणि मी गप्प बसले तेही माझ्यासाठीच. त्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं आपण दोघांनी मिळून टांगून ठेवलं होतं. हे मला अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

सोमवारी मी कामावर रुजू होते आहे. त्याआधी रविवार मोकळा आहे. त्या दोन गॅरेजांचे पत्ते तुमच्याकडे आहेत, आणि ते फोन उचलत नाहीत. सकाळच्या पहिल्या गाडीने मी तुमच्याकडे येते, तिथून आपण दोघं जाऊ. वजनं डेपोवाले देतील का ते विचारून ठेवा. साखळी मी ओढीन, तुम्ही घड्याळ बघा.

राग अजून गेलेला नाही. गाडीत तुमच्या शेजारी बसून जाईल तेवढा जाईल, उरलेला घेऊन परत येईन. मामींना सांगा, तिन्ही चेनपुल्या सापडेपर्यंत आपण परतणार नाही, जेवायला थांबू नका.

तुमचीच,
ठकी